मशीनच्या यादीत नसलेला जंतू

प्रयोगशाळेत सगळे तिला घोरपड म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. एखाद्या नमुन्याला चिकटली की सुटायची नाही. बावीस वर्षं जंतूंना खाऊ घालून वाढवणारी बाई. नवरा म्हणायचा, "आमच्यापेक्षा त्यांच्या जेवणाची वेळ तुला बरी आठवते."

सोमवारी सकाळी तिने अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीच्या नमुन्याची, जंतू वाढवायची बशी उघडली. रक्तातला जंतू छान वाढला होता. सूक्ष्मदर्शकाखाली गोल ठिपक्यांची माळ. मशीनने फटकन नाव सांगितलं होतं, स्ट्रेप्टोकॉकस. पण बशीवर औषधांच्या कागदी चकत्याही होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं. इथे व्हँकोमायसिनच्या चकतीला हे बेटे खेटून बसले होते. स्ट्रेप्टोकॉकस असं वागत नाही. आणि वर वॉर्डात म्हातारीला नेमकं तेच औषध चाललं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी बशी धड बघितलीही नाही. "चकत्या जुन्या असतील. पुन्हा लाव."

"कालच नवी डबी फोडलीय, साहेब."

"मग हात चुकला असेल."

बावीस वर्षांचा हात! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने पुन्हा लावल्या. जंतू काही हुकमावर वाढत नाहीत, एक दिवस गेलाच. मंगळवारी पुन्हा तेच. साहेब म्हणाले, मशीन काय खोटं बोलतंय? अहो, यादीत नावच नसेल तर मशीन बिचारं काय करणार, जवळचं नाव चिकटवून मोकळं होतं. हेही तिने सांगून पाहिलं. साहेबांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडला आणि नाव येईपर्यंत अहवाल अडवून ठेवला. "अर्धवट कागद वर गेला तर शेकेल कुणावर? माझ्यावर!"

बुधवार असाच गेला. ती दिवसभर बश्या आपटत होती.

गुरुवारी तिने अहवालाच्या कागदावर स्वतःच लिहिलं: नाव माहीत नाही. व्हँकोमायसिन चालत नाही. साधं पेनिसिलिन चालतं. साहेबांना न विचारता खाली स्वतःची सही ठोकली, जिने चढून वर गेली आणि कागद वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. औषध दुपारीच बदललं. शनिवारी ताप उतरला. पण तोवर जंतूंनी म्हातारीच्या हृदयाची झडप खाल्ली होती. आता चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची.

पुढच्या आठवड्यात म्हातारीचा मुलगा आभार मानायला खाली आला. "तुम्हीच शोधून काढलंत ना, ताई? चार दिवस किती खटपट केली असेल."

तिला ते कौतुक सोसवेना. "मला सोमवारीच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग सोमवारी वर का नाही आलात?"

"परवानगी नव्हती."

"गुरुवारी होती?"