ओपलचं चुंबक

आमच्या गावात जुना पिकअप विकायचा म्हटलं, की लोक ओपलला बोलावतात. तीस वर्षं गॅरेज माझं, नखांतलं ग्रीस माझं, आणि भाव सांगणार कोण? तर शाळेची बस चालवून रिटायर झालेली म्हातारी! माझ्या पोटात दुखतं, कबूल करतो.

तिचं हत्यार म्हणजे फ्रिजवरचं चुंबक, मोज्यात घातलेलं. ते पत्र्यावरून फिरवते. चिकटलं तर पत्रा खरा, घसरलं तर आत पुट्टी, म्हणजे पोचा बुजवलेला. मग पेडलचं रबर किती झिजलंय ते बघते आणि आकडा सांगते. त्याच्यावर अख्ख्या कॅन्ससात कोणी एक डॉलर देत नाही.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. परवा त्यांचा त्रेपन्न सालचा पिकअप विकायला काढला, वीस हजार सांगितले. विचिटाहून आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "ओपलबाई काय म्हणतात बघू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघू देत की," मी म्हणालो. "कारखान्यातून आला तसा पत्रा आहे. वडिलांनी मलासुद्धा कधी हात लावू दिला नाही."

ओपल आली. पुढे बघितलं नाही, मागे बघितलं नाही, सरळ उजव्या दाराशी गेली. मोजा टेकवला. सुळकन खाली!

"पुट्टी आहे, रॉस. चौदा हजार."

"बाई, तुमचं चुंबकच म्हातारं झालंय!"

"अरे लेका, चुंबक कशाला हवं? हे दार मीच ठोकलं होतं, धान्याच्या कोठाराला. तुझे वडील मला गाडी शिकवत होते. त्याशिवाय बसची नोकरी कुठली मिळायला?"

"तुम्हाला? ह्याच्यावर?"

"दोन महिने. दर रविवारी, चर्च सुटल्यावर."

"ठोकल्यावर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पोट धरून हसले. म्हणाले, आता शिकलीस."

नऊ वर्षांचा असताना माझ्या सायकलची मूठ ह्याच दाराला घासली होती. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते.

गिऱ्हाइकानं चौदा हजार काढले, मी घेतले. "ओपलबाई, एक चक्कर मारून दाखवता का?" त्यानं विचारलं. तिनं लगेच हात पुढे केला.

किल्ली मी मुठीत घट्ट धरली. "मी मारतो," म्हणालो, आत बसलो आणि दाराला आतून खटका लावला.