राहू दे, मी करतो

मधलीला परदेशात पाठवायचं ठरलं, तेव्हा घरात कुणी फारसं डोकं चालवलं नव्हतं. थोरलीचं लग्न झालं होतं, धाकटी अभ्यासात हुशार निघाली होती, आणि ही मधली बारावी दुसऱ्या खेपेला काठावर पास होऊन घरात बसली होती. तिचं खरं नाव आता शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं होतं. अण्णा, म्हणजे वडील, जाऊन वर्ष सरलं आणि तिकडे राहणाऱ्या मावशीनं फोनवर सांगितलं, की पाठव तिला माझ्याकडे, इथे हातपाय हलवणाऱ्याला काम मिळतं. आईनं डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली.

मावशीचं सगळंच खरं मानायचं नसतं, हे मधलीला तिथे पोचल्यावर कळलं. मावशी इमारतींचे जिने धुण्याचं काम करायची आणि एका खोलीत राहायची. त्या खोलीत पलंग, ओटा आणि कपाट एकमेकांना खेटून उभे होते. मधलीचं अंथरूण पलंग आणि ओट्याच्या मधल्या पट्टीत. इथेही तू मधलीच गं, असं मावशी म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. त्यानंतर बरेच दिवस हसण्यासारखं काही घडलं नाही.

कारण काम मिळेना. दुकानात गेली की विचारत, अनुभव आहे का. नाही म्हटलं की मान हलवत, आणि ती मान हलवण्याची तऱ्हा जगात सगळीकडे सारखीच असते. एका बेकरीनं तिला गल्ल्यामागे उभी केली खरी, पण गिऱ्हाइकं इतकी भराभर बोलत, की ही तोंडाकडे बघतच राही. दुपारीच तिचा एप्रन काढून घेतला. एका हॉटेलाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम लागलं. घड्या ती छान घालायची. पण गर्दीचा हंगाम सरला आणि सगळ्यात शेवटी आलेली सगळ्यात आधी गेली. इस्पितळात आणि वृद्धाश्रमात माणसं हवी होती, पण तिथे शिक्षणाचा कागद लागे, आणि कागदाच्या नावानं हिच्याकडे आनंदच होता.

एका संध्याकाळी मावशीनं पाय शेकता शेकता तिला सरळ विचारलं, की बाई, तुला येतं तरी काय. मधलीनं खूप विचार केला. अण्णांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तेव्हापासून ते जाईपर्यंत त्यांचं न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं तिनं आणि आईनं केलं होतं. इतकी वर्षं माणूस अंथरुणात, पण त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती. गल्लीतली माणसं आपापल्या सुनांना मधलीचं उदाहरण देत.

"माणसं सांभाळता येतात," ती म्हणाली.

मग मावशीनं चक्रं फिरवली. ती धूत असलेल्या एका इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारे सुतार एकटेच राहत. बायको वारलेली. मुलगी दुसऱ्या गावात शिक्षिका, फक्त रविवारी येणारी. दिवसभर सोबतीला बाई हवी होती, आणि घरगुती काम असल्यामुळे कागदाची अट नव्हती.

घर बघून मधली हरखली. टेबल, कपाटं, खिडकीखालचं बाकडं, सगळं त्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. कपाटाची दारं अशी मिटत, की फट शोधावी लागे. मुलीनं दोन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. पहिली अशी, की वडील रात्री एकटे असतात. त्यामुळे खुर्चीतून आणि पलंगावरून आपलं आपण उठून संडासापर्यंत जाणं त्यांना जमलंच पाहिजे. दर काही महिन्यांनी व्यायामाच्या तज्ज्ञ बाई येऊन ते तपासतात. जोवर जमतंय तोवर ते या घरात राहतील, नाहीतर वृद्धाश्रमात जावं लागेल. दुसरी गोष्ट, त्यांचं त्यांना करू द्यायचं, अगदीच अडलं तर हात लावायचा.

मधलीला दोन्ही गोष्टी शब्दन्‌शब्द कळल्या. पहिली तिनं मनावर घेतली. दुसरीला मात्र ती मनात हसली, कारण असं म्हणायचंच असतं. आपल्याकडे नाही का, पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, आपण पाय चेपायला बसलो की वडीलधारं माणूस "राहू दे गं" म्हणतं? म्हणून कुणी वाढायचं थांबतं? थांबलं तर त्या घराला नावं ठेवतात. भल्या बाई आहेत, असं तिला वाटलं. आपल्यावर फार भार पडू नये म्हणून बिचाऱ्या असं म्हणताहेत.

पहिल्या सकाळी म्हातारे मोजे घालायला बसले. एक मोजा अंगठ्यात अडकला, सुटला, पुन्हा अडकला. मधलीला बघवेना. ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला आणि मोजा चढवून मोकळी झाली.

"राहू दे, मी करतो," म्हातारे म्हणाले.

"असू दे हो, आजोबा," असं म्हणत तिनं दुसरा पाय घेतला.

पहिले काही दिवस ते रोज "राहू दे" म्हणत होते. मग म्हणेनासे झाले. एक दिवस त्यांनी आपणहून पाय पुढे केला, तेव्हा मधलीला इतका आनंद झाला, की तिनं तो संध्याकाळी मावशीला तीनदा सांगितला. आजोबांनी आपल्याला घरचं मानलं, असा तिनं त्याचा अर्थ लावला. मग काय, तिच्या हाताला खंडच राहिला नाही. शर्टाची बटणं ती लावायची. पाण्याचा पेला ओठांशी न्यायची. ते खुर्चीच्या हातांवर जोर द्यायला लागले, की काखेत हात घालून अलगद उभं करायची. ते चहा करायला ओट्याशी जात, तेही तिनं बंद केलं. गरम पाणी सांडलं म्हणजे?

रविवारी मुलगी यायची तेव्हा वडील दाढी केलेले, गुळगुळीत, गालावर तेज आलेले दिसायचे. तीही खूश होती. तिनं मधलीला स्वतःचा एक चांगला कोट दिला. आजोबा तिला पोरी म्हणत, लाकडांची नावं शिकवत, आणि तिनं आपल्या भाषेत काही म्हटलं की तसंच वेडंवाकडं म्हणून दाखवत. मधलीनं फोनवर आईला सांगितलं, की अण्णाच परत भेटल्यासारखं वाटतंय. आई तिकडे रडली, ही इकडे रडली, पण ते सुखाचं रडणं होतं.

हळूहळू आजोबा तिला निघायच्या आधीच पलंगावर झोपवायला सांगू लागले. लघवीचं भांडं हाताशी ठेव म्हणाले, तेही तिनं ठेवलं. वय झालंय, थकत चाललेत, असं तिला वाटलं. आणि माणूस थकतोय म्हटल्यावर त्याचं आणखी करायचं असतं, यापलीकडे तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मधलीनं घर लख्ख केलं आणि आजोबांना इस्त्रीचा शर्ट घातला. मुलगी मुद्दाम रजा काढून आली होती. व्यायामाच्या बाई समोर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि म्हणाल्या, की आता उठून खिडकीपर्यंत चला बरं.

आजोबांनी मधलीकडे बघितलं आणि सवयीनं हात पुढे केला. ती उठायला लागली, तशी बाईंनी तिला खुणेनं बसवलं. आजोबांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. अंग थोडं वर आलं आणि खाली बसलं. पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांचे दंड थरथरायला लागले. मग ते ओशाळून हसले.

"ती उठवते मला," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या मांड्या दाबून बघितल्या आणि मधलीला, रोज काय काय करतेस ते विचारलं. मधलीनं सगळं सांगितलं. आधी तर थोडं अभिमानानंच सांगत होती. सांगता सांगता तिला मुलीचा चेहरा दिसला आणि तिचा आवाज खाली खाली जात गेला. बाई रागावल्या नाहीत. न वापरलेलं बळ म्हाताऱ्या शरीरातून फार लवकर जातं, इतकंच त्यांनी शांतपणे समजावलं.

"मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मुलगी म्हणाली.

"हो, सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही चांगुलपणानं म्हणताय."

मुलीनं तोंड फिरवलं. पुढच्याच आठवड्यात तिनं वृद्धाश्रमात खोली पक्की केली आणि घरमालकाला घर सोडत असल्याचं कळवलं. तिचंही चुकलं नाही. वडील रात्री पडले असते तर तिनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? वृद्धाश्रमातली खोली रिकामी व्हायला वेळ होता. तोवर रात्रीची सोय म्हणून मुलीनं स्वतःच वडिलांकडे राहून शाळेत जायला-यायला सुरुवात केली. दिवसा मात्र मधलीच. तिला काढून नवी बाई शोधण्याचं त्राण मुलीत नव्हतं.

मधलीनं आजोबांच्या पायाशी बसून माफी मागितली. ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"मी काही बाळ नव्हतो पोरी," ते म्हणाले. "मला उठता येत होतं. पण बायको गेल्यापासून माझ्या अंगाला कुणी मायेनं हात लावला नव्हता. मला तो हवा होता."

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट तिचा जीव आणखी घुसमटला.

मग तिनं व्यायामाच्या बाईंना गाठलं आणि उठवायचं कसं नाही, ते शिकून घेतलं. खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या म्हणजे उठणं सोपं जातं. जमलं की एक काढायची, मग दुसरी. दिवसातून अनेकदा उठबस करून घ्यायची, आणि आपण समोर उभं राहायचं, हात मागे बांधून. आजवर केलेल्या कामांत हे काम तिला सगळ्यात जड गेलं. आजोबा धापा टाकत, चिडत, एकदा तर तिला दगड म्हणाले. तिचे हात आपोआप पुढे यायचे आणि ती ते मागे न्यायची. मोजे घालायला त्यांना चहा थंड होईपर्यंत वेळ लागायचा. ती बघत राहायची आणि डोळे भरले की खिडकीकडे तोंड करायची.

त्याच दिवसांत तिनं आईला फोन केला. इकडचं काही न सांगता तिनं विचारलं, की आई, अण्णा कधी स्वतः उठायला बघायचे का गं?

"बघायचे की," आई म्हणाली. "सुरुवातीला तर उजव्या हातानं घास घ्यायला धडपडायचे. राहू दे, मी जेवतो, म्हणायचे. पण आपण कुठे ऐकलं? शेवटपर्यंत एक पेला त्यांना स्वतःच्या हातानं उचलू दिला नाही. अजून लोक नाव काढतात आपलं."

आईच्या आवाजात अभिमान होता. मधलीनं हो म्हटलं. आईपाशी तेवढंच एक सुख उरलं होतं आणि ते काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती मावशीच्या पलंगाखाली ठेवलेल्या बादलीशेजारी बसून इतकी रडली, की मावशीला वाटलं, घरी कुणी गेलं.

जायच्या दिवशी गाडी सकाळी आली. घरातली कपाटं नव्या भाडेकरूंनी ठेवून घेतली होती, कपडे तेवढे बॅगेत भरले होते. दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन आत आली. आजोबांनी त्यांना हातानंच थांबवलं. खुर्चीवर आता एकही उशी नव्हती. त्यांनी पाय मागे घेतले, तळवे टेकले, पुढे वाकले आणि उठले. एकदा झोकांडी गेली. मधलीचे हात मागेच राहिले. मग ते काठी टेकत दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडला, आणि तिथून वळून लहान मुलासारखे हसले.

"बघितलंस पोरी? कुणाचा हात नाही."

"बघितलं, आजोबा," ती म्हणाली.

गाडीवाल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हे तपासणीच्या दिवशी झालं असतं तर आज गाडी आली नसती, हे त्या घरात दोघींना कळत होतं. आजोबांना कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. ते आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेले आणि आपल्याच हातांनी दार धरून आत बसले.

मुलगी विसरलेली बॅग न्यायला परत आली. मधली रिकाम्या खुर्चीपाशीच उभी होती. मुलीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. राग केव्हाच निवला होता. तिच्या बोलण्यात टोमणाही नव्हता, आणि म्हणूनच ते मधलीला फार लागलं.

"माझ्या मैत्रिणीच्या आईला सांभाळायला बाई हवी आहे," ती म्हणाली. "तुझं नाव देते. आता तुला काम येतं."

मधलीला काम हवंच होतं. ती हो म्हणाली.