फोडणीचा वास नसलेलं घर

देवीची साथ कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली हे शोधणं माझं काम. पन्नासच्या दशकात त्यासाठी वर्धा जिल्ह्यात आलो, तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. हातात तक्ते असत: रोगी कोण, तो कोणाला भेटला, किती दिवसांनी दुसरा पडला. पण गावात विचारलं की एकच उत्तर, "आमच्या इथं नाई बाप्पा कोनी." माझं डोकं तडकायचं. शेवटी आमच्याच खात्यातल्या एका म्हाताऱ्या लस टोचणाऱ्याला माझी दया आली. "विचारू नका," तो म्हणाला. "सैपाकाच्या वक्ताले गल्लीतून फिरा. ज्या घरून फोडनीचा वास येत नाई, त्या घरी माय आली हाय." देवी आलेल्या घरात तेल तापवत नाहीत, मोहरी तडतडू देत नाहीत, देवीच्या अंगाची आग होते म्हणे. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा हा नाकाचा हिशेब खरा निघायचा.

एकदा एप्रिलमध्ये रोहण्याकडच्या एका लहान गावी लस टोचायला सायकलने निघालो. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायच्या आणि मडकं उन्हात जाऊ द्यायचं नाही, एवढीच शिस्त. वाटेत एका बाभळीखाली बसून भाकरी खाल्ली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सावली सरकली होती, मी आणि मडकं तिथेच. फडकं कडक वाळलेलं. ती लस फेकून द्यायला हवी होती. पण नवी मागवायची म्हणजे आठ दिवस, आणि साहेबांची बोलणी वेगळी. मी तीच टोचली. एका आळीतल्या सगळ्या पोरांना, हसत-खेळत.

टोचल्यावर आठव्या दिवशी फोड उठला का, म्हणजे लस लागली का, ते बघायला जायचं असतं. मी गेलो नाही. उठले नसतील तर काय, या भीतीने टाळाटाळ केली. याची लाज मला अजून वाटते.

महिन्याने जावंच लागलं. संध्याकाळी आळीत शिरलो. चुली पेटलेल्या, घराघरातून लसूण-मिरचीचा ठसका. आणि चौथ्या घरापाशी काहीच नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला. त्या घरच्या चार-पाच वर्षांच्या मुलीला मी टोचलं होतं. सुईला अजिबात रडली नव्हती म्हणून पक्की लक्षात होती. माझ्या दुपारच्या झोपेपायी ही पोर जाणार, हे एकच डोक्यात.

तिची आई दारात आडवी उभी राहिली. "काऊन आले? माय बसली हाय घरात."

"नुसते तळहात बघू द्या तिचे," मी म्हणालो. "हातसुद्धा लावणार नाही."

एरवी असल्या सोवळ्या-ओवळ्यावर मी चिडलो असतो. त्या दिवशी जोडे काढले, कडुनिंबाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि उंबऱ्याशी मनापासून हात जोडले. तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

पोरगी गोधडीवर पडली होती. पोटावर, पाठीवर फोडच फोड. पण काही नुकते उठलेले, काही पाण्याने भरलेले, काहींवर खपली धरलेली. देवीचे फोड असे मागेपुढे उठत नाहीत, सगळे एकदम पिकतात, आणि तळहात-तळपायांवरही येतात. तिने हात पुढे केले. तळहात स्वच्छ. तळपाय स्वच्छ. कांजण्या होत्या! आठ-दहा दिवसांत उठून खेळायला लागेल अशा साध्या कांजण्या. मी तिथेच भुईवर बसलो आणि मला रडू फुटलं. पोरगी माझ्याकडे बघून खुदकन हसली.

आईला सांगितलं, आणि त्याच ओघात लस उन्हात तापल्याचंही सांगून टाकलं. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमी गेल्यावर म्या टोचलेलं राखेनं पुसून टाकलं होतं सायेब. माय कोपन म्हनून. पाच दिस झाले, मले वाटून राह्यलं होतं का म्याच पोरीले मारलं."

मग दोघांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या पोरांचे दंड बघितले. निम्म्यांवर खूणच नव्हती. त्यातले माझ्या उन्हाने किती आणि आयांच्या राखेने किती, ते मला कोणत्याच तक्त्यात मांडता आलं नाही. पुढच्या आठवड्यात ताजी लस घेऊन गेलो, तर हीच बाई पोरांना ओळीत बसवून उभी. सगळ्यांना टोचून होईपर्यंत हलली नाही. मग बायांकडे वळून म्हणाली, "आता कोनी पुसलं तर माह्याशी गाठ हाय." एवढं बोलून तिने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि घरच्या चुलीवर फोडणी टाकायला निघून गेली.