मागाच्या खड्ड्यातलं विमान

आमचे अण्णा घराबाहेर पडले की आधी वर बघायचे, मग चपला शोधायचे. वारा कुठून येतोय हे कळल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नसे, मग जायचं कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला का असेना. अण्णा म्हणजे माझे सासरे. सांबऱ्याच्या विमानतळावर त्यांनी उभी हयात विमानांना तेल भरणारी गाडी चालवली, आणि विमानात एकदाही बसले नाहीत. वडगावात सगळे त्यांना ‘पायलट’ म्हणायचे. थट्टाच ती, पण अण्णा खुशाल ‘व्हय’ म्हणून ओ द्यायचे.

लग्नात त्यांनी आक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शब्द दिला होता, “एक दिवस तुला इमानातनं नंदगडला न्हेतो.” नंदगड हे आक्कांचं माहेर. पुढं सगळा जन्म आक्का बसनंच माहेरी गेल्या, तेही बहुतेकदा उभ्यानं.

अठ्ठ्याहत्तर साली मी निपाणीहून सून म्हणून आले, त्याच वर्षी अण्णा रिटायर झाले. त्यांनी जाहीर केलं, “आता घरातच इमान करणार.” उडणारं नव्हे हो! तळावर शिकाऊ पायलटांसाठी एका खोलीत खोटं विमान ठेवलेलं असे, ते त्यांनी दारातून पाहिलं होतं. तसलं. जागाही हेरून ठेवलेली: मधल्या खोलीतला हातमागाचा खड्डा, विणणारा पाय सोडून बसतो तो. त्यांच्या वडिलांचा माग बंद पडून वर्षं झाली होती. “बसाय जागा हाय, पायाखाली दाबाय पावड्या हायत. आणि काय लागतंय इमानाला?”

लागत होतं पुष्कळ. पण अण्णांचा जीव बेत आखण्यातच रमायचा. रोज सकाळी खडूनं फरशीवर विमान काढायचे, आणि रोज आक्का फरशी पुसून मोकळ्या व्हायच्या. “आजचं इमान धुतलं बगा. उद्या नवीन काढा.”

“बरं झालं,” अण्णा म्हणायचे, “त्याचा एक पंख वाकडाच हुता.”

घोडं अडलं होतं खिडकीपाशी. पायलटला समोर दिसणार काय? एकदा माझी दारातली रांगोळी बघून अण्णा थबकले. “पोरी, वरनं शेतं अशीच दिसत्यात गं!” मग ठरलं, मागाच्या दोन रुळांवर लांबलचक कापड चढवायचं, त्यावर नंदगडपर्यंतचा मुलूख रंगवायचा, आणि कुणीतरी दांडा फिरवला की जमीन सरकणार. रंगवायचं माझ्याकडं आलं. माहेरी माझ्या चित्रांना रिकामटेकडा उद्योग म्हणत. इथं सासरे सायकलवरून रंगाचे डबे आणत होते. मी बाजूनं दिसणारी म्हैस काढली तर हसून म्हणाले, “वरनं म्हशीची पाठ दिसंल गं, पाय न्हाईत.” आज मी शाळेत चित्रकला शिकवते ती अण्णांमुळं. त्यांचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

किल्ला रंगवून झाला, भाताची खाचरं झाली, खानापूरजवळ मलप्रभेचा पूल झाला, आणि अण्णांची नजर गेली. काचबिंदू. डॉक्टरांनी हात टेकले. अण्णांनी विमानाचं नावच टाकलं, दारात जाऊन वर बघणंही सोडलं. माझाही हात चालेना. कापड पुलापाशीच थांबलं.

एका दुपारी आक्का पदर खोचून आल्या आणि अण्णांना हाताला धरून खड्ड्यात बसवलं. “नंदगडला न्हेतो म्हणालतासा न्हवं? मग चला.” स्वतः दांड्याशी बसल्या. “मी बगतो आणि सांगतो. तुमी चालवा.”

आमच्याकडं बायकाही ‘मी बगतो’ म्हणतात.

दांडा फिरला. “किल्ला गेला खाली. भात लई चांगला आलाय. आता पूल आला.” अण्णांचे पाय पावड्यांवर चालत होते, चेहरा वर उचललेला. इतक्यात कापड संपलं. आक्का मात्र रिकामा दांडा फिरवतच राहिल्या. “झाडी लागली. आता वळवा. आमचा मळा आला बगा, चिंच दिसायल्या. दारात आई हुबी हाय.”

त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी तोंडाला पदर लावून रडत होते.

“उतरवू का?” अण्णांनी विचारलं.

“उतरवा,” आक्का म्हणाल्या, “पर सावकाश. आईच्या अंगावर धूळ उडंल.”