अठरा वीत पट्टा

पोस्टिंगचा कागद हातात पडला तेव्हा नागपुरात मे महिना चालू होता. मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. बायकोला सांगितलं, बर्फावर चाललो. ती म्हणाली, "मंग थोडं इकडे पाठवून द्या जी." झाला आमचा निरोप समारंभ.

मी सुरेश भोयर, निवृत्त हवालदार. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आता नागपूरच्या नंदनवन भागात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बर्फाच्या गोष्टी मी गिऱ्हाइकांना गाडी होईपर्यंत ऐकवतो. काही जणांना खऱ्या वाटत नाहीत. न वाटू देत, मी काय करू?

मूळ गाव पारशिवनीजवळ. बाबा धानाच्या मिलमध्ये होते. इंजिनाचा पट्टा तुटला की नवा पट्टा ते वितीने मोजत. टेपला हात लावत नसत. दुकानात जाऊन सांगत, "इतक्या विती द्या," आणि पट्टा बरोबर बसायचा. एक वीत म्हणजे नऊ इंच, हे मी शाळेच्या आधी मिलमध्ये शिकलो. या एका शिक्षणानं पुढे काय गोंधळ केला, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आमचा कॅम्प कुठे होता ते सांगत नाही. उंचावर होता, झाड एकही नव्हतं. कॅम्पच्या वर, एका नाल्यातून चढून गेलं की आमची एक पोस्ट होती. पायी तीन तास, बर्फ पडला असेल तर सहा. सामान आणि आजारी माणूस यांच्यासाठी कॅम्पात एक स्नो स्कूटर होती. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. त्या पट्ट्याला ट्रॅक म्हणतात. सगळं वजन त्याच्यावर.

ही स्कूटर नायब सुबेदार नेगी साहेबांची लाडकी. साहेब गढवालचे, बारीक अंगाचे, हाताचे पंजे मात्र फावड्याएवढे. स्कूटरला ते 'हिरनी' म्हणत. वळवावी तिथे वळायची. मला त्यांनीच चालवायला शिकवलं, आणि शिकवताना इतक्या शिव्या घातल्या की मला गढवाली येऊ लागली.

पोस्टवर रेडिओ ऑपरेटर होता सिपाही प्रमोद मेश्राम. आमच्या नागपूरचाच, नंदनवनातला. सकाळचा रेडिओ चेक झाला की आम्ही दोघं अर्धं मिनिट वऱ्हाडीत बोलून घ्यायचो. ते नियमात बसत नव्हतं. कंपनी कमांडर मेजर साहेब ओरडायचे, "ये कौन सा कोड है?" मेश्रामचं एकही वाक्य 'गा' शिवाय संपत नसे. "जेवला का गा?" "झोपून राहिला होता का गा?" बर्फात तेवढं ऐकलं की पोट भरायचं.

एक दिवस मेजर साहेबांनी मला बोलावलं. दुसरी स्नो स्कूटर मंजूर झाली होती. मागणीचा कागद घेऊन गाडी अर्ध्या तासात खाली जाणार होती. कागदावर एक रकाना रिकामा, ट्रॅक लेंथ. समोर तीन आकडे: १३७, १५४, १६३. इंच. एकावर खूण करायची.

"भोयर, कौन सा?"

"हिरनीवाला ही ठीक है, साहब. वही मंगा लीजिए."

"वो कितने का है?"

तेच तर माहीत नव्हतं. हिरनीच्या पट्ट्यावरचा आकडा घासून गेला होता. पुस्तकाची पानं कोणीतरी शेगडी पेटवायला वापरली होती. टेप स्टोअरमध्ये, स्टोअरची चावी क्वार्टरमास्टरकडे, आणि क्वार्टरमास्टर खालच्या कॅम्पात. मी हातमोजे काढले, हिरनी आडवी केली आणि पट्टा गोल फिरवत वितीने मोजला. पूर्ण फेरा. अठरा वीत. अठरा नव्वे एकशे बासष्ट. जवळचा आकडा १६३. खूण केली, सॅल्यूट मारला, चहा प्यायला गेलो.

नवी गाडी उतरली तेव्हा मेजर साहेब खाली गेले होते, बाकी सगळा कॅम्प बघायला आला. मीही आलो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं. हिरनीच्या शेजारी ती म्हणजे पायलीशेजारी कोठी. मागचा भाग संपतच नव्हता. नेगी साहेबांनी तिच्या पट्ट्यावर आपली वीत टाकली. अठरा भरल्या. मग हिरनीवर टाकली. पंधरा आणि वर दोन बोटं.

"भोयर, हाथ दिखा."

दाखवला. साहेबांनी आपला पंजा माझ्या पंजाला लावला. त्यांची वीत पुरी नऊ इंच, माझ्या बाबांसारखी. माझी साडेसातच्या जरा वर. पंचवीस वर्षांचा झालो तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! कॅम्पात इतकं हसू झालं की स्वयंपाकी पोळ्या टाकून बाहेर आला.

त्या दिवसापासून गाडीचं नाव 'भैंस'. मी आणि मेश्राम म्हैस म्हणायचो. कॅम्पातल्या दाबलेल्या बर्फावर ती खरंच कामाची नव्हती. वळायला मैदान लागायचं. एकदा कुकहाउसची दोरी घेऊन गेली, वाळत टाकलेल्या बनियनांसकट. आखूड ट्रॅक कडक बर्फावर चपळ असतो, हे तेव्हा मी रोज शिकत होतो. मेश्राम रेडिओवर विचारायचा, "दूध देऊन राहिली का गा?"

मी नेगी साहेबांना एकदा म्हटलं, "साहब, एक चक्कर तो लगाइए."

"मैं नहीं बैठूँगा. इस पर यमराज बैठता है."

"वो भैंसा होता है, साहब. ये भैंस है."

"तू बैठ," साहेब म्हणाले आणि हिरनीची काच पुसू लागले.

नंतर तीन दिवस सलग बर्फ पडला. कोरडा, पिठासारखा. चौथ्या दिवशी ०९४० वाजता पोस्टचा रेडिओ चेक आला. आवाज मेश्रामचा.

"सब ठीक. ओव्हर."

मी सेट हातात घेतला. "काहून गा, आवाज असा काहून येऊन राहिला?"

"ठीक आहे. ओव्हर."

गा नाही. मी मेजर साहेबांकडे धावलो. "साहब, मेश्राम बीमार है." त्यांनी पोस्ट कमांडरला सेटवर घेतलं. खरं निघालं. मेश्राम रात्रीपासून खोकत होता, छातीत घरघर, ओठ निळे. कोणाला सांगितलं नव्हतं. हापो. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला आम्ही हापो म्हणतो. यावर खरा उपाय एकच, माणूस खाली आणणं. ढग इतके खाली की हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. खांद्यावर आणायला सहा तास. कॅम्पातले डॉक्टर म्हणाले, "सहा घंटे नहीं हैं."

०९५५ ला नेगी साहेब हिरनी घेऊन निघाले. १०१० ला सेट वाजला.

"हिरनी बैठ गई. जितना रेस दूँ, उतना नीचे जा रही है. ओव्हर."

मऊ बर्फात आखूड पट्टा आपलीच विहीर खणतो. मेजर साहेब माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"भोयर, तेरी भैंस निकाल."

खोटं कशाला बोलू? मी मेकॅनिक. चालवणारा पक्का नाही. शिवाय एवढ्या उंचीवर इंजिन दमतं, आणि लांब पट्टा ओढायला जास्त ताकद लागते. मी आठवड्यापूर्वीच कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलून उंचीला बसेल असा केला होता. तेवढाच भरवसा. मागे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, बांधली, ऑक्सिजनचा सिलिंडर टाकला आणि निघालो.

नाल्याच्या तोंडाशी मी डोळे बारीक केले. आता ही बुडणार. बुडाली नाही! वर उचलली आणि चालायला लागली. पिठावर परात ठेवावी तशी. लांब पट्टा जास्त बर्फावर टेकतो, वजन वाटलं जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या क्षणी बुडाखाली कळलं. हिरनीजवळ नेगी साहेब कमरेपर्यंत बर्फात उभे होते, हातात फावडं. मी गती कमी केली.

"बैठिए साहब!"

"वज़न मत बढ़ा. रुकना नहीं. मोड़ पे ब्रेक मत मारना, चलती रहे. जा!"

मोड म्हणजे नाल्याच्या मध्यावरचं वळण, तिथून थोडंच वर. एका बाजूला दगडी कडा, दुसऱ्या बाजूला खोल उतार. चढताना मी दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन, गाडी अंगावर ओढून कशीबशी फिरवली. मागचं टोक उताराकडे वीतभर घसरलं. माझ्या वितीनं, म्हणून वाचलो. उतरताना मागे स्लेज असणार होती. तेव्हा ही इथे फिरणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

१०४५ ला पोस्टवर पोहोचलो. मेश्रामला स्लीपिंग बॅगमध्ये घालून स्लेजवर बांधलं, तोंडाला ऑक्सिजन. त्यानं डोळे उघडले, पण ओळख दिली नाही. १०५५ ला उतरायला लागलो. पूर्ण रस्ता मी एकच विचार करत होतो, मोड. मेश्रामच्या आईला मी नंदनवनात भेटलो होतो. सुट्टीवरून निघताना तिनं माझ्याकडे चिवड्याचा डबा दिला होता आणि म्हटलं होतं, "लेकराकडे लक्ष ठेवा जी." आता तिला जाऊन काय सांगू?

मोड आला, आणि तिथे नेगी साहेब होते. हिरनी तशीच सोडून ते बर्फातून एकटे चढत वर आले होते. कड्याच्या बाजूचा बर्फ फावड्यानं कापून, पायांनी तुडवून त्यांनी वळण रुंद केलं होतं. एक ट्रक फिरेल एवढं. अंगातून वाफ निघत होती. त्यांनी हात गोल फिरवून खूण केली, चलती रहे.

मी ब्रेकला हात लावला नाही. म्हैस आली, संथपणे फिरली, मागून स्लेज फिरली. बस! मी मोठ्यांदा ओरडलो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. नेगी साहेब मागून स्लेजच्या दांड्यावर उभं राहून आले असते तर म्हशीवर बसल्यासारखं झालं असतं. ते पायीच आले.

कॅम्प दिसू लागला तेव्हा मागून काहीतरी आवाज आला. मास्कच्या आतून. मी मान वळवली.

"हळू चालव ना गा."

मी हसत होतो आणि गॉगलच्या आत पाणी साचत होतं. ११२० ला मेश्राम डॉक्टरांच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी ढग उठले, हेलिकॉप्टर आलं. जाताना तो मला म्हणाला, "म्हशीले चारा टाकजो."

आठवड्यानं मेजर साहेबांनी विचारलं, वर रिपोर्ट पाठवायचा आहे, ट्रॅकची लांबी तू कशी ठरवलीस? मी नेगी साहेबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "बोल दे, बर्फ देखकर." पण मला खोटं जमलं नाही.

"साहब, हाथ छोटा निकला."

सगळी हकिकत सांगितली. मेजर साहेब टेबलावर डोकं ठेवून हसले. मग म्हणाले, "अगली गाड़ी का नाप भी इसी हाथ से लेना."

आजही कोणी विचारलं की डोंगरातल्या स्नो स्कूटरला ट्रॅक किती लांब हवा, तर मी उलट विचारतो, बर्फ कसला? दाबलेला, कडक असेल, सारखी वळणं घ्यायची असतील, तर आखूड घ्या. नवा, खोल, मऊ असेल तर लांब घ्या, आणि ओढणारं इंजिन बघून घ्या. दोन्ही असेल तर दोन गाड्या घ्या आणि वळणावर एक नेगी साहेब ठेवा.

पुढच्या हिवाळ्यात नेगी साहेब पोस्टची वाट मोकळी करायला पार्टी घेऊन पायी निघाले होते. त्याच नाल्यात हिमस्खलन झालं. साहेबांनी मागच्या तिघांना ओरडून कड्याखाली ढकललं. ते तिघं वाचले. साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. नवा बर्फ होता, खोल. हिरनी जाऊच शकत नव्हती.

त्यांना मी म्हशीमागच्या स्लेजवरून खाली आणलं. मोडावर त्यांनी कापलेलं वळण त्या वर्षी नव्हतं, आम्ही पुन्हा कापलं, तेवढंच रुंद. मी ब्रेक मारला नाही. हळू चालवत आणलं. माझ्या नोकरीत मी एवढा रडलो तो त्या दिवशीच.

मेश्राम आता रामदासपेठेत एका दवाखान्यात सुरक्षा सुपरवायझर आहे. त्याला खाली आणलं त्या तारखेला दरवर्षी माझ्या गॅरेजवर येतो, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. म्हणतो, "बर्फानं मारलं नाही, बर्फी खा गा." शटर अर्धं ओढून आम्ही बसतो. तीन तुकडे काढतो, तिसरा टूलबॉक्सवर ठेवतो. मग मेश्राम त्या तुकड्याकडे बघून, अगदी रेडिओवर बोलल्यासारखं, म्हणतो,

"नेगी साहेब, बिनधास्त बसा. रेडा नाही, म्हैसच हाय. ओव्हर."

आम्ही दोघं हसतो, आणि थोडा वेळ थांबतो. ओव्हर म्हटलं की उत्तर येईपर्यंत सेट सोडायचा नसतो.