खारीचे केस

नवा कुंचला रंगात बुडवण्याआधी तो खालच्या ओठावर टेकवायचा. "टोक ओठाला कळतं," म्हणायचा. "डोळे फसतात."

मी कल्याणच्या कुंभारवाड्यात गणपती घडवायचो. त्यांचे डोळे आखायला हा माझा चितारी मित्र श्रावणात ठाण्याहून होडीने यायचा. मी निरोप धाडल्याशिवाय मात्र पाऊल टाकायचा नाही. मानी होता. मीही काही कमी नव्हतो.

जाड कुंचले तो केवड्याची मुळं ठेचून करायचा. ते कोणालाही जमतील. डोळ्यांचा कुंचला मात्र खारीच्या शेपटीच्या केसांचा. टोपलीखाली खार धरायचा, चार केस उपटून सोडून द्यायचा. खार झाडावरून ओरडत राहायची. हा खालून म्हणे, "पुरे गं बाई, पुढच्या वर्षी तुझे नाही घेत." साठवलेले केस कबुतराच्या पिसाच्या नळीत ओवून दोऱ्याने आवळायचा. एका कुंचल्याला दोन-दोन वर्षं लागत. तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? त्याने आखलेल्या डोळ्यांपुढे एकदा उभे राहिला असता, तर विचारलं नसतं.

एकदा तो जेवायला गेला असताना त्याच्या नव्या कुंचल्यातला एक केस मला बाहेर आलेला दिसला. मी कात्री घेतली नि सगळी टोकं सारखी करून ठेवली. चांगलंच केलं असं वाटलं मला.

आल्यावर त्याने तो ओठाला लावला. पुन्हा एकदा लावला नि बाजूला ठेवला. केसाचं टोक उपजतच बारीक असतं, कापलं की नुसता खुंट उरतो, हे मला कुठे ठाऊक?

"केसच तो," मी म्हटलं. "उगवेल परत."

"खारीला उगवेल रे. कुंचल्याला नाही."

राहिलेले डोळे जुन्या कुंचल्याने आखून तो गेला. चुकलो, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. पुढच्या श्रावणात मी निरोपही धाडला नाही. डोळे मीच आखले. गणपती भलतीकडेच बघत राहिले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या श्रावणात मीच ठाण्याला त्याच्या घरी गेलो. वहिनींचं रिकामं कपाळ पाहिलं नि दारातच थांबलो.

"दोन्ही श्रावण गाठोडं बांधून बसले होते हे, भावजी," त्या म्हणाल्या. गाठोड्यातून त्यांनी एक कुंचला काढून दिला. नवा, माझ्याकडे येताना आणायचा म्हणून केलेला.

अजून श्रावण लागला की मी तो ओठावर टेकवून बघतो. त्यातला एक केस बाहेर आलेला आहे, ओठाला लागतो. कात्री समोरच्या फळीवर असते. तो केस तसाच आहे.