अभ्यास दौऱ्यात हसायचं न्हाय

सहलीचे किस्से सहसा महिनाभरात विरून जातात. पण ज्या सहलीला 'सहल' म्हणण्याची सोय नसते, तिचे किस्से मात्र साचतच राहतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेसरीकडच्या, कर्नाटक सीमेलगतच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचे तीन संचालक देशातली मोठी शहरे पाहायला निघाले. त्याचे अधिकृत नाव 'अभ्यास दौरा'. मी नुकताच कोल्हापुरात भूगोल घेऊन एम. ए. झालो होतो. हिंदी-इंग्रजी बोलायला कुणीतरी हवे, म्हणून चेअरमन आप्पांनी मला बरोबर घेतले.

"मास्तर, तू बोल. आम्ही अभ्यास करतो!"

आप्पांना धास्ती एकाच माणसाची होती : विरोधी गटाच्या दत्तूची. दौऱ्यानंतर वार्षिक सभा आणि सभेपाठोपाठ निवडणूक. सभेत दत्तू उठून "काय शिकून आलासा?" असे विचारणार, हे निश्चित होते. उत्तर जमले नाही तर आप्पांची खुर्ची जाणार, हेही तितकेच निश्चित होते.

* * *

पहिले शहर बंगळूर. संचालक शिवाप्पाण्णांच्या घरी मराठीइतकीच कन्नड बोलली जाते. त्यामुळे "हितं मास्तरांचं काम न्हाय, हितं मी हाय!" असे त्यांनी स्टेशनवरच जाहीर केले.

एका साडीच्या दुकानात त्यांनी गडहिंग्लजच्या बाजारातली कन्नड काढली आणि पाऊण तास घासाघीस केली. दुकानदाराने हात जोडून सगळे ऐकून घेतले. शेवटी अत्यंत नम्रपणे हिंदीत विचारले, "आप कोल्हापूर साइड के हैं क्या?"

शिवाप्पाण्णा आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर विजय!

"बघा! आपलं नाव कुठवर पोचलंय!"

* * *

चेन्नईत केळीच्या पानावर भाताचा ढीग आला, त्यावर सांबार. तो संपला. पुन्हा भात, त्यावर रसम. तोही संपला. मग भात आणि दही. तिसरे संचालक बंडूतात्या निमूटपणे सगळे संपवत गेले आणि दर वेळी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. पान पूर्ण मोकळे झाल्यावर ते माझ्या कानाशी लागले.

"मास्तर, जेवण कवा चालू हुतंय?"

आप्पा मात्र जेवलेच नाहीत. ते समोरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करून आले होते.

"काय झालं आप्पा?"

"दत्तू पारकट्ट्यावर बसून प्रश्नाची तालीम करतोय म्हणं. रोज. आन् लोकं ऐकायला जात्यात!"

* * *

त्या फोननंतर प्रत्येक गोष्ट अभ्यासात बसवणे आवश्यक झाले. कोलकात्यात चहा मातीच्या कुल्हडातून मिळाला. प्यायल्यावर माणसे ते खुशाल फेकून देत होती. तात्यांना ते सहन होईना. त्यांनी स्वतःचे कुल्हड धुतले. मग आमची धुतली. मग शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाचे संपण्याची वाट पाहत बसले.

"पावणं, घ्या की संपवून!"

शिवाप्पाण्णा खवळले. "तात्या, संचालक हाईस तू! लोकं काय म्हणतील?"

आप्पांनी विचार केला आणि निर्णय दिला. "ऱ्हाऊ द्या. अभ्यासाचे नमुने म्हणायचं!"

ही सोय सापडल्यावर अभ्यासाला वेग आला. बंगळूरची साडी नमुना झाली, कोलकात्याची शाल नमुना झाली. दिल्लीला पोहोचेपर्यंत नमुने एवढे वाढले, की त्यांच्यासाठी एक मोठी ट्रंक घ्यावी लागली. तीही नमुना म्हणून!

* * *

आप्पांनी निघण्यापूर्वी शाहूपुरीतल्या शिंप्याकडून तिघांनाही एकाच ताग्यातले करडे सफारी शिवून घेतले होते. दिल्लीत त्याचा वेगळाच परिणाम झाला. लाल किल्ल्याच्या दाराशी आम्ही पोहोचताच रांग आपोआप बाजूला सरकली. बड्या लोकांसोबतचे साध्या वेशातले पोलीस तेव्हा असेच सफारी घालत. हे सांगावे की सांगू नये, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात पहारेकरी अदबीने तात्यांजवळ आला.

"साहब, मंत्रीजी कब आएँगे?"

तात्या छाती काढून म्हणाले, "अरे इलेक्शन तो होने दो की, पावणं!"

आत फोटो काढायचा होता. सभेत दाखवायला लागणार, म्हणून आप्पांची सक्त ताकीद होती : "फोटोत कुणी हसायचं न्हाय. हसलं की सहल झाली!" तिघे ताठ उभे राहिले. फोटोग्राफरने दोनदा "स्माइल" म्हणून पाहिले. मग कॅमेरा खाली घेऊन त्याने मला बाजूला नेले आणि हळूच विचारले, "घर में सब ठीक है ना?"

* * *

खरा अभ्यास झाला तो दिल्लीबाहेरच्या एका मोठ्या गोठ्यात. तिथल्या अधिकाऱ्याने इंग्रजीत सविस्तर माहिती दिली आणि मी ती शक्य तितक्या काटेकोरपणे मराठीत सांगितली. आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हशीला हाक काय मारता?"

हाक नसते, कानातल्या बिल्ल्यावर नंबर असतो, असे उत्तर आले. आप्पा हळहळले. "नंबरनं बोलवल्यावर पान्हा कसा फुटंल ओ? जीव हाय त्यो! नाव नको व्हय त्याला?"

आम्ही सगळेच क्षणभर गंभीर झालो. तेवढ्यात शिवाप्पाण्णा म्हणाले, "मग आप्पा, डेअरीत सभासदांना काय म्हणून वरडता तुम्ही? 'ए बासष्ट, कॅन आण फुडं!'"

* * *

वार्षिक सभेला हायस्कूलचे पटांगण भरले होते. एवढी गर्दी दत्तूच्या प्रश्नासाठीच जमली होती. विषयपत्रिका संपायच्या आत तो उठला.

"चेअरमनसाहेब, एकच प्रश्न हाय. उत्तर समद्या गावाला पायजे!"

टाळ्या पडल्या. आप्पा सावकाश उभे राहिले.

"इचार की. पर त्याआधी एक जाहीर करतो. फुडल्या साली अभ्यासाला सिमला धरलंय. आन् आमीच आमी गेलो तर अभ्यास एका बाजूचा हुतोय. म्हणून विरोधी गटाचा एक माणूस न्यायचा, असं ठरलंय. नाव घातलंय तुझं. हं, इचार आता!"

दत्तू उभाच राहिला. त्याने एकदा मागे बसलेल्या आपल्या गटाकडे पाहिले, एकदा व्यासपीठाकडे. मग त्याने घसा साफ केला आणि विचारले,

"स्वेटर संस्था देणार, का आपापला आणायचा?"